आनंदीबाईंची विद्यासाधना

मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी प्रथम धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला येऊन पोहोचली. रुळांबरोबर टपालाच्या थैल्या आल्या, तारेचे खांब आले, नव्या कचेऱ्या आल्या. आणि त्या कचेऱ्यांतून लिहिली व बोलली जाणारी इंग्रजी भाषाही आली. ठाण्या-कल्याणच्या तरुणांना ती नोकरीपुरती अवगत होऊ लागली. परंतु ओसरीवर येऊन थबकलेल्या या भाषेला माजघरात जाण्याची वाट मात्र पुढे कित्येक वर्षे सापडली नाही. स्त्रियांनी मराठी अक्षर गिरविणे हेच जेथे अनेकांना खपत नव्हते, तेथे परक्यांची भाषा त्यांनी शिकावी ही कल्पना कोणाच्या मनाला कशी शिवावी? ज्या मुलीने ही भाषा चुलीजवळ बसून हस्तगत केली आणि तिच्या बळावर सातासमुद्रांपलीकडे जाऊन वैद्यकाची पदवी मिळविली, ती कल्याणचीच होती.

कल्याण हे फार जुने बंदर. तेथे गणपतराव अमृतेश्वर जोशी यांचा वाडा होता. घराण्याचे पूर्वीचे वैभव ओसरले होते, पण प्रतिष्ठा टिकून होती. त्यांची कन्या यमुना हिचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला आणि तिचे बालपण या वाड्यात गेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे, ती नऊ वर्षांची होताच १८७४ मध्ये तिचा विवाह झाला. वर गोपाळराव विनायक जोशी हे मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यात कारकून, बिजवर आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. सासरी यमुनेची आनंदीबाई झाली. असे विवाह तेव्हा गावोगाव होत असत. निराळी होती ती वराने घातलेली अट. हुंडा किंवा मानपान यांविषयी ती नव्हती. आपण बायकोला शिकविणार आणि त्याला कोणी आडकाठी करू नये, एवढीच ती अट होती.

गोपाळराव हे विलक्षण गृहस्थ होते. डोक्यात एक कल्पना शिरली की तिच्यापुढे त्यांना लोकनिंदा दिसत नसे, आणि पुष्कळदा माणसाचे दुःखही दिसत नसे. पत्नीला काय शिकवावे याविषयी त्यांनी पुष्कळ विचार केला. संस्कृत शिकवावे, तर त्या भाषेला घरात व समाजात मान होता. परंतु लोकहितवादींची शतपत्रे त्यांनी वाचली होती. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात प्रसिद्ध झालेल्या त्या पत्रांनी अनेक तरुणांच्या मनांत पाश्चात्य विद्यांविषयी ओढ उत्पन्न केली होती. नव्या ज्ञानाची कवाडे उघडावयाची तर किल्ली इंग्रजीचीच हवी, असे गोपाळरावांचे मत झाले आणि आनंदीबाईंचा अभ्यास त्या दिशेने वळला.

मराठी मुलीला इंग्रजी शिकणे किती अवघड होते, हे आजच्या विद्यार्थ्याला सहज उमगणार नाही. देवनागरीत जे लिहावे तेच वाचावे. इंग्रजीत लिहावे एक आणि वाचावे भलतेच. आपल्या ‘व’ या एका अक्षराच्या जागी तेथे दोन अक्षरे, आणि त्यांचे उच्चारही वेगळे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन स्वस्थ बसते. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग धावते. नामापूर्वी ‘ए’ लावावा, ‘दि’ लावावा, की काहीच लावू नये, हे कोडे तर मराठी माणसाला आयुष्यभर पुरते. मोल्सवर्थ आणि कँडी यांचे मोठे कोश छापले गेले होते. परंतु ते मुख्यतः मराठी शिकणाऱ्या साहेबलोकांच्या सोयीसाठी. कानांवर इंग्रजी पडावे असे घरात कोणी नाही, बरोबर शिकणारी मैत्रीण नाही. आणि शिक्षक म्हणजे स्वतः पतीच, तोही शीघ्रकोपी.

गोपाळरावांची शिस्त अतिशय कठोर होती. आपल्या गैरहजेरीत पत्नीने अभ्यास केला नाही असे दिसताच त्यांचा संताप अनावर होई. स्वयंपाक नीट केला नाही म्हणून मार खाणाऱ्या बायका त्या काळी घरोघर होत्या. आनंदीबाईंना अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमल्याबद्दल मार बसे, हे ऐकून शेजारीपाजारी थक्क होत. दहा वर्षांच्या कोवळ्या वयात लाकडाच्या तुकड्यांनी बसलेला मार, अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या, टाकून निघून जाण्याची धमकी, या सर्वांची आठवण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. त्या पत्रात कृतज्ञता आहे, तसा हा हिशेबही आहे. गोपाळरावांनी पत्नीला विद्या दिली हे खरे. पण ती ज्या रीतीने दिली तिचे समर्थन करता येणार नाही.

टपाल खात्यातील नोकरी म्हणजे आज येथे, तर उद्या तेथे. कल्याणहून बिऱ्हाड अलिबागला गेले, तेथून कोल्हापूरला. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला, परंतु ते बालक दहा दिवसांतच गेले. त्या काळी सुईणीच्या अनुभवापलीकडे बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला फारसा आधार नसे. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे बायका पत्करीत, आणि स्त्री डॉक्टर तर नव्हतीच. हा आघात आनंदीबाईंच्या मनातून कधीच गेला नाही. तोवर त्या शिकत होत्या ते पतीच्या इच्छेसाठी. यापुढे शिकण्याला त्यांचे स्वतःचे कारण मिळाले.

कोल्हापुरात असतानाच, सप्टेंबर १८७८ मध्ये, गोपाळरावांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला एक इंग्रजी पत्र लिहिले होते. पत्नीला शिक्षणासाठी अमेरिकेस न्यावयाचे आहे, तेथे आपल्याला काही काम मिळेल काय, अशी त्यात विचारणा होती. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापले आणि उत्तरादाखल ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा सल्ला दिला. गोपाळरावांना तो मान्य नव्हता आणि आनंदीबाईंना तर मुळीच नव्हता. तेव्हा प्रकरण तेथेच संपल्यासारखे झाले.

दरम्यान अभ्यास चालूच होता. मुंबईत बिऱ्हाड असताना आनंदीबाई एका मिशनच्या शाळेत जाऊ लागल्या. हातात पुस्तके घेऊन, पायांत बूट-मोजे घालून रस्त्याने चालणारी ब्राह्मणाची सून पाहण्यासाठी लोक खिडक्यांत उभे राहत. कोणी हसत, कोणी तोंडाला येईल ते बोलत. खाली मान घालून त्या शाळेत जात आणि तशाच परत येत. भाषा शिकताना जिभेपेक्षाही मनाला अधिक कसरत करावी लागते असे म्हणतात. त्यांना तर ती भररस्त्यात करावी लागली.

आता पाहा, टपालाची करामत कशी असते. वाइल्डर यांच्या मासिकाचा तो जुना अंक १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला. दात दाखविण्यासाठी त्या दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत वेळ घालवावा म्हणून त्यांनी तो उचलला. दूरच्या हिंदुस्थानातील एका कारकुनाची बायको शिकू इच्छिते आणि धर्म न सोडता शिकू इच्छिते, हे वाचून त्यांचे मन द्रवले. त्यांनी आपण होऊन पत्र पाठविले. त्या पत्राला उत्तर लिहावयाचे होते ते आनंदीबाईंनी, आणि तेही इंग्रजीत.

येथून त्यांच्या भाषेच्या शिक्षणाला खरा बहर आला. पाठ घोकण्यासाठी शिकलेली भाषा निराळी आणि कोणाला तरी काहीतरी सांगण्यासाठी वापरलेली भाषा निराळी. रोझेलच्या बाईंना हिंदुस्थानाविषयी सर्व काही जाणून घ्यावयाचे होते: सण कसे करतात, लग्ने कशी होतात, विधवांचे काय होते, मुलींची लग्ने इतक्या लहानपणी का करतात. हे सर्व इंग्रजीत समजावून सांगावयाचे म्हणजे कोशातील शब्द पुरे पडत नाहीत. हळदीकुंकू किंवा सोवळे यांना इंग्रजी शब्द कोठून आणावयाचे? तेथे वर्णन करावे लागते, तुलना करावी लागते, आणि तसे करताना स्वतःच्या चालीरीतींकडेही नव्या दृष्टीने पाहावे लागते. बालविवाहाने स्त्रियांच्या प्रकृतीवर होणाऱ्या परिणामांचा विचार आनंदीबाईंच्या या पत्रांतून वारंवार आढळतो. त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणून संबोधू लागल्या. नाते जोडल्याशिवाय मोकळेपणाने लिहिता येत नाही, ही आपल्याकडची रीत त्यांनी इंग्रजीतही चालविली, आणि त्या परक्या बाईंनी ती मनापासून स्वीकारली.

मुंबईहून कच्छमधील भूज आणि तेथून १८८१ मध्ये कलकत्ता असा बदलीचा प्रवास झाला. बंगालमधील हवा आनंदीबाईंना मानवली नाही. अशक्तपणा, डोकेदुखी, अधूनमधून ताप आणि धाप यांनी त्या बेजार झाल्या. मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. तिकडे गोपाळरावांचे बेतही वारंवार फिसकटत होते. दोघांनी मिळून जाण्याइतका पैसा नव्हता. अखेर बदली श्रीरामपूरला झाल्यावर, पत्नीने एकटीने अमेरिकेला जावे असे त्यांनी ठरविले. आनंदीबाईंचे वय अठराच्या आत होते. प्रथम त्या कचरल्या. पुढे मात्र त्यांचा निश्चय पतीहूनही दृढ झाला.

गावात आणि वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली. हिंदू स्त्री समुद्र ओलांडणार, एकटी जाणार, परधर्मीयांच्या घरी राहणार! तर्ककुतर्कांना ऊत आला. तेव्हा आनंदीबाईंनी सर्व शंकांना जाहीर उत्तर देण्याचे ठरविले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांचे व्याख्यान झाले. समोर देशी आणि युरोपियन असे दोन्ही प्रकारचे श्रोते होते. व्याख्यान इंग्रजीत होते. नऊ वर्षांपूर्वी कल्याणात लग्नाच्या बोहल्यावर उभी राहिली तेव्हा जिला इंग्रजी मुळाक्षरांचा गंध नव्हता, तीच मुलगी आता त्या भाषेत विद्वानांच्या सभेपुढे आपली बाजू मांडीत होती.

आपण अमेरिकेला का जातो हा त्यांचा विषय होता. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारीत होते ते त्यांनी स्वतःच एकेक करून घेतले. येथे शिकण्याची सोय नाही काय? एकटी का जाते? जातीबाहेर टाकले तर? परमुलखात संकट कोसळले तर? देशाला स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, कारण येथील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे जात नाहीत. आणि येथे मिळणारे शिक्षण अपुरे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. शिकू पाहणाऱ्या स्त्रीला रस्त्यातून चालताना काय सोसावे लागते, तेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. बहिष्काराच्या भीतीविषयी त्यांचे उत्तर साधे होते. आपले खाणेपिणे, आपला वेष आणि आपला आचार जसा येथे आहे तसाच तेथे राहणार. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. मग भ्यावयाचे कशाला?

या व्याख्यानाचा परिणाम चांगला झाला. काही ठिकाणांहून मदत आली. टपाल खात्याचे वरिष्ठ अधिकारी जेम्स यांनी १०० रुपये दिले. बाकीची तजवीज करण्यासाठी आनंदीबाईंनी आपल्या हातांतील सोन्याच्या बांगड्या विकल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला. सोबतीला ओळखीतून मिळालेल्या मिशनरी बाया होत्या. प्रवास सुमारे दोन महिन्यांचा. शाकाहारी माणसाचे बोटीवर जे हाल होतात ते त्यांचेही झाले. शिवाय धर्मांतराचा उपदेशही ऐकावा लागला. त्या उपदेशाला उत्तर देण्याइतके इंग्रजी मात्र त्यांच्यापाशी होते. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली. धक्क्यावर मावशी उभ्या होत्या. तीन वर्षे केवळ पत्रांतून भेटलेल्या या दोघींनी एकमेकींना प्रथमच पाहिले, आणि बोलण्यासाठी दुभाष्याची गरज पडली नाही.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली या होत्या. आनंदीबाईंनी प्रवेशासाठी केलेला अर्ज मान्य झाला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरांची शिष्यवृत्तीही मिळाली. शरीरशास्त्र, रसायन, औषधी, प्रसूतिशास्त्र अशा विषयांची व्याख्याने ऐकावयाची, टिपणे काढावयाची, प्रेतांचे विच्छेदन करावयाचे, रात्री जागून जाडजूड ग्रंथ वाचावयाचे. त्यातील निम्मे शब्द लॅटिन आणि ग्रीक वळणाचे. म्हणजे शिकलेल्या भाषेच्या आत आणखी एक भाषा दडलेली. आणि बाहेर बर्फ! नऊवारी लुगड्याने त्या थंडीचे निवारण होईना. परदेशी वेष घ्यावयाचा नाही हा निश्चय असल्यामुळे त्यांनी अंग अधिक झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसण्यास आरंभ केला. खोलीतील शेगडीने ऊब मिळण्यापेक्षा धूरच फार होई. प्रकृती मुळात नाजूक. ती हळूहळू अधिकच खालावत गेली.

या महाविद्यालयातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेल्या त्या चित्रात तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत: हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबत इस्लामबूली. तिघींच्या मातृभाषा तीन, लिप्या तीन. एकमेकींशी बोलण्याची भाषा मात्र जिच्यासाठी तिघींनाही घरापासून धडपड करावी लागली ती एकच.

परंतु इंग्रजीत एवढ्या रुळल्या म्हणून आनंदीबाईंचे मराठी मागे पडले नाही. गोपाळरावांना त्या मराठीत पत्रे लिहीत. त्या पत्रांत अमेरिकेच्या घरांचे, बायकांचे आणि चालीरीतींचे मार्मिक वर्णन आहे. पतीकडून कधी कधी संशयाची, बोचणारी पत्रे येत. त्यांना दिलेली उत्तरेही त्यात आहेत. ज्या पुरुषाने इंग्रजी शिकविले त्याला खडे बोल सुनावताना त्यांनी मराठीच वापरावी, यात नवल नाही. पोटातली गोष्ट ओठांवर येते ती आपल्या भाषेतच.

पदवीसाठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. भारतातील जुन्या ग्रंथांत बाळंतपणाविषयी काय सांगितले आहे हे त्यांनी तेथील विद्वानांपुढे इंग्रजीत मांडले. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या मातेने हा विषय का निवडला हे सांगावयास नको. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. परदेशी जाऊन पाश्चात्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. समारंभाला गोपाळराव होते. तेही आदल्या वर्षी अमेरिकेत आले होते. इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईही उपस्थित होत्या. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. याच गावातून आठ वर्षांपूर्वी ते पहिले पत्र अमेरिकेला गेले होते. आनंदीबाईंनी नेमणूक स्वीकारली. पण तोवर क्षयाने त्यांच्या शरीरात घर केले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या तेव्हा स्वागताला लोकांची गर्दी झाली. निंदा करणारे आता कौतुक करू लागले. त्यांना पुण्याला नेण्यात आले. उपचार झाले, पण दुखणे हाताबाहेर गेले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. बावीस वर्षे पुरी होण्यास अजून महिना होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात एकाही रोग्याची नाडी पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅरोलाइन डॉल या लेखिकेने इंग्रजीत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर काशीबाई कानिटकर यांनी मराठीत लिहिले. माजघरात शिकलेल्या एका स्त्रीचे चरित्र माजघरातच शिकलेल्या दुसऱ्या स्त्रीने लिहावे, हाही त्या काळातला एक नवाच प्रकार होता.

गोपाळरावांनी आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठविली. मावशींनी ती न्यूयॉर्क प्रांतातील पॉकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तेथील शिळेवर कल्याणच्या या मुलीचे नाव रोमन लिपीत कोरलेले आहे, आणि नावापुढे एम. डी. ही दोन अक्षरे आहेत.